खरखर घालवताना कॉलसाइन हरवू नये म्हणून

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी. रात्री चाळीस मीटर बँडवर बसले की, कोणी बोलत नसतानाही सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या माझ्या मीटरचा काटा एस-७ वर उभा असायचा. दोन तास हेडफोनमधून ती खरखर ऐकली की कान थकून जातात. म्हणून मी रिसीव्हरचं एनआरचं, म्हणजे खरखर कमी करणारं (नॉइज रिडक्शन) बटण कायम चालूच ठेवू लागले. एका रात्री एक मंद स्टेशन मला तीनदा कॉल करून निघून गेलं आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. नंतर तेच रेकॉर्डिंग एनआर बंद करून ऐकलं, तर कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची अक्षरं-आकड्यांची ओळख, पूर्ण कळत होता. तेव्हा ठरवलं, कानाला काय बरं वाटतं हे बाजूला ठेवायचं आणि अक्षरं किती पोचतात ते बघायचं.

थेट बँडवर तुलना करण्यात अर्थ नाही. फेडिंगमुळे दहा सेकंदांत सिग्नल वरखाली होतो आणि श्रेय मात्र फिल्टरला जातं. मी एसडीआरवर (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओवर) वीस मिनिटांचं आयक्यू रेकॉर्डिंग, म्हणजे कच्च्या सिग्नलचं रेकॉर्डिंग, करून ठेवलं. त्यातले एसएसबीचे, म्हणजे बोलण्याच्या प्रसारणाचे, बारा तुकडे निवडले, काही दणदणीत, काही जेमतेम ऐकू येणारे. आवाजाची पातळी प्रत्येक वेळी सारखी केली, कारण जे मोठं ऐकू येतं तेच स्पष्ट वाटतं. एकदा कळलेला कॉलसाइन पुढच्या वेळी कान आपोआप पुरा करतात, म्हणून दोन हॅम मित्रांनाही बसवलं. तिघांनी वेगवेगळ्या क्रमाने ऐकून कागदावर लिहिलं.

रिसीव्हरमध्ये नॉइज ब्लँकर नावाचं आणखी एक बटण असतं. त्याचं काम वेगळं आहे, त्याला एनआरच्या रांगेत उभं करू नये. टकटक करणारा गोंगाट तो छान कापतो, पण अरुंद फिल्टरच्या आधी बसला तरच. फिल्टरमधून गेलेला ठोका लांबट होतो, मग तो कापताना बोलणंही कापलं जातं. शेजारी जोरदार स्टेशन असेल तर ब्लँकर आवाज फाडतो.

एनआरमधला सगळ्यात जुना प्रकार एलएमएस, विड्रो आणि हॉफ यांनी 1960 मध्ये मांडलेला. बोलणं आणि सीडब्ल्यूचा (मोर्स संकेतांचा) सूर क्षणभरापूर्वीच्या स्वतःशी मिळताजुळता असतो, खरखर तशी नसते. याच फरकावर तो चालतो. कमी पातळीवर मला हाच सगळ्यात भरवशाचा वाटला. पातळी चढवली की माणूस नळीतून बोलल्यासारखा ऐकू येतो.

स्पेक्ट्रल पद्धत गोंगाटाचा अंदाज बांधून तो वजा करते. बोल यांनी ती 1979 मध्ये मांडली, तेव्हा मागे पाखरांच्या चिवचिवाटासारखे सूर उरायचे. एफ्राइम आणि मलाह यांच्या 1984 च्या सूत्राने ते बरेच कमी झाले. डब्ल्यूडीएसपी या एसडीआरच्या सॉफ्टवेअरमधला एनआर-२ त्याच घराण्यातला. ऐकायला फार सुखद. पण कॉलसाइनमधलं एस हे अक्षर रेडिओवर "सिएरा" आणि एफ "फॉक्सट्रॉट" असं सांगतात; मंद तुकड्यात "सिएरा"चा "सि" गेला, उरलं नुसतं "एरा". "फॉक्सट्रॉट"चा "फ" असाच पुसला गेला. स, फ, श ही अक्षरं मुळात खरखरीसारखीच असतात, त्यामुळे पहिला बळी त्यांचाच. तिघांच्याही कागदावर नेमकी तीच जागा रिकामी होती.

2017 मध्ये आलेलं आरएननॉइज न्यूरल नेटवर्कवर चालतं. ध्वनीचे 22 पट्टे करून प्रत्येकाला किती वाव द्यायचा हे ते ठरवतं. दणदणीत स्टेशन एफएमसारखं ऐकू आलं, मी थक्क झाले. मंद स्टेशनचा आवाज मात्र शब्दाच्या मध्येच बंद-चालू होत राहिला. सीडब्ल्यू तर जवळजवळ पूर्णच गायब! ते शिकलंय माणसाच्या बोलण्यावर, मोर्सचा सूर त्याच्या लेखी गोंगाटच. यात मूळ आवाज थोडा मिसळायची सोय असेल तर जरूर वापरा. मागे थोडी खरखर राहिली की अर्धवट शब्द कान जोडून घेतो.

हे सगळं करून झाल्यावर मी एनआर बंद ठेवून दोन साध्या गोष्टी केल्या. एसएसबीचा फिल्टर 2.7 किलोहर्ट्झवरून 2.1 वर आणला आणि आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) इतका उतरवला, की शब्दांमधल्या फटीत एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सारखा ठेवणारी यंत्रणा, खरखर वर खेचणार नाही. मंद तुकड्यांसाठी याहून जास्त उपयोगी काही सापडलं नाही. मग बॅटरीवर रिसीव्हर चालवून घरातली एकेक वस्तू प्लगमधून काढत गेले. एका चार्जरची पिन निघाली आणि काटा एस-७ वरून एस-५ वर आला. एका एस-युनिटला 6 डेसिबल धरतात, म्हणजे 12 डेसिबल, आणि तेही एकही अक्षर न गमावता.

आता गप्पा ऐकताना स्पेक्ट्रल, सीडब्ल्यूला हलका एलएमएस. कोणी मंद स्टेशन कॉल करतंय अशी शंका आली, की हात आधी एनआर बंद करायला जातो.