मधमाशीचा पंख अखेर सरळ आला

मागच्या अपडेटमध्ये माझा एक फोटो होता: फुलावरून सुटणारी मधमाशी, डोळा कडक शार्प, आणि पंख मात्र कोयत्यासारखा वाकलेला. तो वाक गेला! सगळ्या फ्रेममधून नाही, पण ज्या फ्रेम हव्या होत्या त्यांतून गेला.

प्री-कॅप्चरबद्दल, म्हणजे बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेमही जपणाऱ्या सोयीबद्दल, आता तक्रार नाही. शटर अर्धं दाबून धरायचं, माशी उडाली की पूर्ण दाबायचं, आधीच्या फ्रेम कार्डावर उतरतात. ऑलिंपसने २०१६ साली ई-एम१ मार्क टूमध्ये ही सोय दिली तेव्हा मागच्या १४ फ्रेम मिळायच्या, आणि तेवढ्यावरही किडे टिपणाऱ्यांचं जग बदललं होतं.

घोडं अडलं होतं रीडआउटपाशी, म्हणजे सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो तिथे. स्पीड १/१६००० ठेवला तरी पंख वाकायचाच, कारण तो आकडा एकेका ओळीपुरता. सेन्सरची पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची वाचेपर्यंत जो वेळ जातो, त्यावर शटर स्पीडचा काही परिणाम होत नाही. माझ्या कॅमेरा बॉडीच्या माहितीपत्रकात हा वेळ दिलेला नाही, म्हणून मोजला. लेन्स काढली, आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डला एलईडी जोडून सेकंदाला ५००० वेळा लुकलुकवला आणि उजेड थेट सेन्सरवर पाडला. फोटोत काळे-पांढरे आडवे पट्टे आले, साधारण २० जोड्या. म्हणजे ४ मिलिसेकंद. स्टॅक्ड (झटपट वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरला शोभणारा आकडा आहे, पण मधमाशी सेकंदाला २३०च्या आसपास पंख मारते, म्हणजे एक फडफड ४.३ मिलिसेकंदांची. फ्रेम वाचून होईपर्यंत पंखाची जवळजवळ एक फेरी पूर्ण होते.

एपीएस-सी क्रॉपनं (सेन्सरचा मधलाच भाग वापरून) वाचन लवकर संपतं, पण पंख सेन्सरवर तेवढ्याच ओळी व्यापतो, त्यामुळे वाक तसाच. फ्लॅशनं काम झालं असतं, कमी पॉवरला त्याचा झोत १/१०००० सेकंदाच्याही आत संपतो. पण माझ्या बॉडीत प्री-कॅप्चर चालू केलं की फ्लॅश बंद होतो.

शेवटी बिघडलेल्या फ्रेम शेजारी-शेजारी लावून बघत बसलो. पंख आडवा असलेल्या फ्रेममध्ये वाक नावालाच होता, उभा असला की भरपूर. मग कॅमेराच उभा धरला! कामकरी माशीचा पुढचा पंख अंदाजे ९ मिमी लांब, ३ मिमी रुंद. १:२ मॅग्निफिकेशनला, म्हणजे निम्म्या आकारात, सेन्सरवर साडेचार आणि दीड मिमी. पंखाची लांबी ओळींना छेदत असेल तर तो वाचायला पाऊण मिलिसेकंद लागतो, ओळींना समांतर असेल तर पाव. कॅमेरा उभा केल्यावर वर उचललेला पंख ओळींना समांतर येतो. पहिल्याच चांगल्या बर्स्टमध्ये (सलग काढलेल्या फ्रेममध्ये) पंखाच्या शिरा मुळापासून टोकापर्यंत सरळ, आणि पुढचा-मागचा पंख जिथे एकमेकांत अडकतात ती कडसुद्धा दिसते. ती फ्रेम शंभर टक्के झूम करून किती वेळ बघितली, सांगता येत नाही.

उजेडाचं सांगायलाच हवं. १/१६००० ला एलईडी पॅनल लागतंच, आणि डिमर खाली आणला की माझ्याकडचं पॅनल वेगानं लुकलुकतं आणि त्याचे पट्टे फोटोत उमटतात. पूर्ण ब्राइटनेसला पट्टे जातात, म्हणून आता पॅनल पुढे-मागे सरकवूनच उजेड कमी-जास्त करतो. नवीन घेणाऱ्यांनी वॉट आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघून थांबू नये. ब्राइटनेस निम्मा करून इलेक्ट्रॉनिक शटरनं पांढऱ्या कागदाचा फोटो काढावा, मगच घ्यावं.

पुढे चतुर टिपायचा बेत होता, पण हे लिहिताना विचार बदलला. चतुर सेकंदाला ३०-४० वेळाच पंख मारतो, तिथे ४ मिलिसेकंदांनी फारसं बिघडत नाही. खरं काम मधमाशीच्या आडव्या पंखाचं उरलंय, कारण उभ्या कॅमेऱ्यात आता तो वाकतो. त्यामुळे प्री-कॅप्चर बाजूला ठेवून इन्फ्रारेड ट्रिगर (माशीनं किरण अडवला की शटर उडवणारा) आणि फ्लॅश लावून बघणार.

ग्लोबल शटरवाल्यांना हा व्याप करावाच लागत नाही. २०२३च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला सोनी ए९ थ्री सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपतो, सेकंदाला १२० फ्रेम देतो. बेस आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलतेचा सर्वांत खालचा आकडा) २५० पासून सुरू होतो, पण या कामात आपण तसेही कितीतरी वर असतो. कुणाकडे असेल तर १:२ ला, बाजूनं, कॅमेरा आडवाच धरून मधमाशीचा एक बर्स्ट काढून दाखवा. स्पीड आणि आयएसओ लिहायला विसरू नका, माझ्या फ्रेमशेजारी लावून बघायचाय.