पांढरं पाणी

"मावशी, हे दूध नाही, पांढरं पाणी आहे." भाचीने स्किम्ड, म्हणजे साय काढलेल्या दुधाचा एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. वय वर्षं वीस.

मी काही बोलले नाही, पण ते 'पाणी' दिवसभर मनात राहिलं. कारण तिचं पुढचं वाक्य होतं, "यातलं कॅल्शियम पण काढून टाकतात ना?"

नाही गं. काढतात ती फक्त साय. कॅल्शियम आणि प्रोटीन सायीबरोबर फारसं जात नाही, ते बहुतेक सगळं खालच्या दुधातच राहतं. साध्या दुधात साधारण ३.५ टक्के फॅट, स्किम्डमध्ये ०.५ टक्क्यांहूनही कमी. २५० मिलीच्या ग्लासमागे १५० कॅलरीऐवजी ८५च्या आसपास. सायीबरोबर जातात ती अ आणि ड जीवनसत्त्वं, म्हणून पुष्कळदा ती वरून घालतात. पाकिटावर बघायचं ते हेच.

चव पातळ लागते, हे मात्र तिचं खरं. जिभेला जो दाटपणा हवा असतो तो फॅटचाच.

(दोन वर्षांखालच्या बाळांना हे दूध नको. त्यांना साय हवीच.)

मला लागलं ते वेगळंच. हाडं तिशीपर्यंत भरत असतात आणि नेमक्या त्याच वयात ही मुलं एका गैरसमजापायी दूधच बाजूला ठेवतात. आम्ही लहानपणी "दूध पी" एवढंच म्हणत राहिलो. त्यात काय असतं, हे कधी सांगितलंच नाही.

तुमच्याकडची विशीतली मुलं कुठलं दूध घेतात? आणि का, हे कधी विचारलंत?