मुक्कामाशिवाय अंदाजपत्रक नाही: आमची वाटचाल

विजयदुर्गपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावरची जुनी हॉटेलं आणि लॉज दुरुस्त करायची आणि पुढे वर्षभर त्यांची देखभाल करायची, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. मी मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेतली. माझा नवरा वायरिंग आणि प्लंबिंग बघतो. बाकी गवंडी, सुतार, रंगारी सगळे आसपासच्या गावांतले. आमचा एक नियम आम्ही मालकांना पहिल्याच फोनवर सांगतो: तुमच्या सगळ्यात वाईट खोलीत आम्ही एक रात्र राहू, शक्यतो आषाढात, आणि मगच अंदाजपत्रक देऊ.

हा नियम भोगवे-निवती भागातल्या एका हॉटेलात ठरला. आमचं पहिलं मोठं काम तेच. परुळ्याहून खाली उतरणारा रस्ता, शेवटी चढावर काजूची बाग आणि तिच्या टोकाला दुमजली इमारत. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, म्हणून आम्हीही. त्यांना दिवाळीच्या आत बाहेरून रंग हवा होता, बाकी काही नको. पाऊस इतका लागला की आम्हाला तिथेच थांबावं लागलं. अण्णांनी मोठ्या संकोचाने वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली उघडून दिली.

गादी दमट होती. उशीला बुरशीचा वास. आरशाच्या कडांचा पारा उडालेला, खिडकीची कडी गंजून चौकटीतच बसलेली. पंखा लावला की छताची बारीक खपली चादरीवर पडायची. गिझरच्या बटणाला हात लावू नका, असं अण्णांनी बजावलं होतं. रात्रभर स्लॅबमधून एका बादलीत पाणी ठिबकत होतं आणि मधूनच पंपाचा आवाज येत होता, कारण टाकीचा व्हॉल्व्ह धरत नव्हता. दिवसा पाहणी करून आम्हाला यातल्या निम्म्या गोष्टीही कळल्या नसत्या.

सकाळी पाऊस उघडला. नवऱ्याने जोर लावून खिडकी उघडली आणि समोर कर्ली नदीचं मुख दिसलं. गढूळ खाडी आणि हिरवट समुद्र एकमेकांत मिसळताना, पलीकडे देवबागची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माडांची रांग. मासेमारी बंदीमुळे होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकलेल्या. इतकी देखणी जागा मी या जिल्ह्यात जन्मूनही पाहिली नव्हती.

न्याहरीला घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. खाता खाता मी पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही चाळली. जवळजवळ प्रत्येकाने सुरुवातीला समुद्राबद्दल आणि काकूंच्या हातच्या जेवणाबद्दल भरभरून लिहिलं होतं आणि खाली एखादी ओळ: बाथरूमचं बघा, गाद्या बदला, लाइटचं काम करून घ्या. कोणीही एसी मागितला नव्हता, मोठी खोली मागितली नव्हती. अण्णांनी ती वही जपून ठेवली होती. पण तिच्यातली मागणी किती साधी आहे हे त्यांच्यापुढे कोणी मांडलं नव्हतं. मी सगळ्या तक्रारी एका कागदावर उतरवल्या आणि तेच आमचं पहिलं अंदाजपत्रक झालं. त्यात बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी होता.

अशी हॉटेलं इथे एवढी का, हे थोडं सांगायला हवं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून आपल्याच जागेत खोल्या बांधल्या. आजोबांचं घर जांभ्या चिऱ्याचं आणि मंगळुरी कौलांचं, पण पाहुण्यांसाठी स्लॅब. समुद्रालगतच्या बांधकामासाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात सळीवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलंय, जिथे लाटांचे तुषार येतात तिथे ५०. आम्ही फोडलेल्या बहुतेक जुन्या स्लॅबमध्ये ते २० सुद्धा नव्हतं. खारा वारा आत शिरला की सळी गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि खालचं काँक्रीट फुटून पडतं. वरून रंग दिला की वर्षभर झाकलं जातं. भिंतीत मीठ असेल तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि त्यावर जाड ऑइलपेंट चढवला तर ओल आतच कोंडते. आमच्याबरोबरचे वयस्कर मेस्त्री एवढंच म्हणतात, "दर्यो लोखंड खाता, चिऱ्याक हात लावणा नाय."

म्हणून आमच्या कामाची रीत ठरून गेली. आधी हातोडीने टकटक करून स्लॅबचा पोकळ भाग शोधायचा, तो फोडायचा, सळी घासून पांढरी करायची, गरज तिथे नवी जोडायची, मग पॉलिमर मॉर्टर. वर नुसता वॉटरप्रूफिंगचा थर देऊन आम्ही थांबत नाही. पैसे असतील तर स्लॅबवर उतरतं छप्पर करून कौलं घालतो. मधल्या पोकळीतून वारा खेळतो, खालची खोली थंड राहते. आतल्या भिंतींना चुना. कड्या, बिजागऱ्या, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. साध्या स्टेनलेसवरही इथे लवकरच तांबूस डाग येतात. कापसाच्या गाद्या काढून काथ्याच्या. अण्णांच्या हॉटेलात हे सगळं एका वर्षात झालं नाही. पैसे जसे आले तशा दरवर्षी थोड्या खोल्या घेतल्या आणि उरलेल्या बंद ठेवल्या. खोल्या बंद ठेवायचा निर्णय अण्णांचा होता. हंगामात पाहुणे परत पाठवायला मोठं धैर्य लागतं आणि ते त्यांनी दाखवलं.

सगळे मालक असं ऐकत नाहीत. फक्त रंग द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, त्यामुळे सुरुवातीची वर्षं फार ओढाताणीची गेली. पावसात माणसांना बसवून पगार द्यायचा तर माझ्या सासूबाईंनी कोकम आणि आगळ विकून हातभार लावला. २०२० मध्ये हॉटेलंच बंद पडली. त्यातून सावरतोय तोवर १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत सरकत गेलं. माड कौलांवर कोसळले, खांब आडवे झाले, गावंच्या गावं अंधारात. पुढचे कित्येक दिवस आम्ही ताडपत्र्या बांधत होतो आणि बिलाचा विषय कोणाकडेच काढला नाही. आज देखभालीचा वार्षिक करार करणाऱ्यांत त्या दिवसांतली घरं बरीच आहेत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चिपी विमानतळ सुरू झाला आणि जुनं पाडून मोठं बांधा म्हणणारे लोक मालकांकडे येऊ लागले. माझं मत याच्या अगदी विरुद्ध आहे. किनारा नियमन क्षेत्रात भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात नवं बांधकाम सहसा होत नाही. अधिकृत जुन्या इमारतीची मात्र जोतं न वाढवता दुरुस्ती करता येते. एकदा पाडलं की ती जागाच हातची जाऊ शकते. आणि आठ खोल्यांचं हॉटेल एक घर चालवू शकतं. त्यात मुलगी हिशेब बघते, शेजारीण चादरी धुते, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यातली मासळी थेट स्वयंपाकघरात येते.

सध्या आमचं वर्ष असं चालतं. एप्रिल-मेमध्ये आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं: कौलं शाकारणं, पन्हळी साफ करणं, पावसाच्या बाजूला झाप बांधणं. जून ते सप्टेंबर बंद हॉटेलांची फेरी. खोली चार महिने कुलपात राहिली की एका हंगामाच्या वापराहून जास्त बिघडते, म्हणून आमच्याकडच्या दोघी जणी उघडीप बघून दारं-खिडक्या उघडतात, पंखे फिरवतात, गाद्या उभ्या करतात, नळ सोडतात. हे काम वरून क्षुल्लक दिसतं. माझ्या लेखी आमच्या करारातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. मालकांपैकी निम्मे मुंबईला असतात, त्यांना दर फेरीनंतर फोटो जातात.

यंदा देवगड तालुक्यातल्या एका जुन्या लॉजचं काम घेतलंय. विहीर खारी होत चाललीय आणि शौचालयाची टाकी तिच्या फार जवळ आहे, त्यामुळे भिंतींना हात लावण्याआधी टाकी हलवतोय. ज्यांना पुढच्या हंगामासाठी काम करून घ्यायचंय त्यांनी पावसाआधी कळवावं आणि आषाढातल्या एका रात्रीसाठी आमच्याकरता खोली राखून ठेवावी. खोली झाडून-पुसून ठेवू नका, आहे तशीच द्या.