समस्त परिवारातली मी

मंगळवार, रात्री

चिमीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. दादाने पहिली गणपतीपुढे ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली. कागद झकास. ‘आपले विनीत’मध्ये दादा-वहिनी, नाशिकचे काका-काकू, पुणेकर मंडळी. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी सगळी पिल्लावळ खाली, त्यात अजून दात न आलेलं बाळसुद्धा. मी कुठेच नाही. ‘आणि समस्त परिवार’ यात मी आलेच म्हणे. ‘‘जागाच उरली नाही हो वन्सं,’’ वहिनी म्हणाली.

नावाचं एवढं काय? तेच तर कळत नाहीये. चिमीच्या वेण्या, डबे, गोवर, बारावीची जागरणं... आई असती तर तिने... जाऊ दे.

दुपारी तणतणत परसात झाडायला गेले. उंबराखाली नेहमीसारखा सडा, त्यावर मुंग्या. शेजारच्यांनी मागे एकदा ‘तोडून टाका की’ म्हणून पाहिलंय, दत्ताचं झाड म्हणून वाचलं. खोडालाच लगडलेलं एक फळ, पुरतं न पिकलेलं, तोडून उकललं. आत तिळाहून बारीक काळपट माश्या. वाट मिळताच बोटावर आल्या, पंख सुकवल्यासारखं केलं आणि उडाल्या. मागे राहिले काही पिवळट, वाकडे, बिनपंखांचे. ते नर.

चिमी बी.एस्सी. करत असताना तिनेच हे याच झाडाखाली दाखवलं होतं. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, त्यामुळे भुंगा नाही, फुलपाखरू नाही. ही एवढीशी माशीच काय ती आत शिरते. दार इतकं अरुंद की शिरताना पंख तुटून पडतात. अंगावरचे पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात. डोळे असून नसल्यासारखे. माद्यांशी जुगतात, फळाची साल पोखरून त्यांना बाहेर पडायला वाट करून देतात आणि संपतात. नरांचा जन्म त्या एका फळात सुरू होतो, तिथेच सरतो. उडालेल्या माद्यांनाही पुढे एखाद-दोन दिवसच.

आणि तेवढ्यावर हे झाड फळतं, तेही वर्षातून अनेकदा, बाकी झाडं रिकामी असतानासुद्धा. तांबट येतो, कोकीळ येते, रात्री वटवाघळं. एकदा हरियालांचा थवा उतरला होता, तेव्हा दादाने सगळ्या गल्लीला बोलावून राज्यपक्षी दाखवला. माश्या बघायला कोण कुणाला बोलावतं?

कॅलिफोर्नियाची गोष्टही चिमीचीच. 1880 च्या सुमारास तिकडे तुर्कस्तानातून स्मर्ना जातीची अंजिराची झाडं नेऊन लावली. झाडं वाढली, फळं धरली आणि हिरवी असतानाच गळून गेली. वर्षानुवर्षं तेच. अंजिराची माशी तिथे नव्हतीच ना. तुर्की शेतकरी बागेत मुद्दाम रानअंजिरं टांगायचे, खायला निरुपयोगी, पण माशी त्यांतूनच निघते. 1899 मध्ये ती माशी कॅलिफोर्नियात रुजली, तेव्हा कुठे त्या झाडांचं अंजीर लोकांच्या तोंडी लागलं.

तर मी ती माशी, असं मनाशी म्हणून पाहिलं. काही बरं वाटलं नाही. ती नसली तर बाग बसते. माझं नाव नसलं तर लग्नाचं काय अडतंय? मुहूर्त तोच, हॉल तोच. आणि त्या नराला निदान पत्रिका वाचता येत नाही. मला चष्म्याशिवायसुद्धा दिसली.

नाव छापलं असतं तरी काय केलं असतं मी? कपाटात ठेवली असती पत्रिका. मग कळवळा कसला हा? चिमीने मसुदा पाहिला होता का, हे मात्र विचारायचं धाडस होत नाहीये. नकोच.

संध्याकाळपासून फोन थांबत नाहीयेत. नाशिकची काकू : रुखवताचं सामान कुठल्या ट्रंकेत? पुणेकर : गुरुजींना दक्षिणेचं बोलून ठेवलंय ना? दादा, घरातल्या घरात, वरच्या मजल्यावरून फोन करून : आहेराची यादी कुणाकडे? एकाही विनीताला काही म्हणजे काही ठाऊक नाही. शेवटी मला हसूच आलं. भात लावला, यादी शोधली, वर नेऊन दिली.

मग दादा म्हणाला, मांडव परसातच घालू, उंबराची सावली आयतीच मिळेल, शिवाय मांडवडहाळ्यांना लांब जायला नको. डहाळ्या हव्या तेवढ्या घे म्हटलं, मांडव मात्र पुढल्या अंगणात घाल. त्याने कारण विचारलं. झाड भरलंय, पिकलेलं उंबर नेमकं व्याहीबुवांच्या फेट्यावर पडून फुटलं, तर आतली मंडळीही लग्नाला येतील. आणि त्यांचं आमंत्रण तर ‘समस्त’मध्येसुद्धा नाही.