रामबागेतलं घड्याळ

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी किल्लीचं घड्याळ आहे. दिल्लीच्या बातम्या मालवा हाउसच्या आकाशवाणी केंद्रावरून लागायच्या आणि बातम्यांआधी पिप-पिप वाजलं की बाबा स्टुलावर चढून काटा सरकवायचे. आज कार्डिफमध्ये टीव्ही स्टुडिओचं नेटवर्क सांभाळताना मला ते स्टूल रोज आठवतं.

काकू फोनवर विचारते, "अरे, तू केबलवाला की कॉम्प्युटरवाला?" काकू, दोन्ही. पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र एसडीआय केबल असायची. एका वायरीत एक चित्र, तेही एकाच दिशेने. चित्र गेलं की वायर हातात धरून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. 2017 मध्ये एसटी 2110 ही स्टुडिओंसाठीची मानकं आली आणि चित्र व आवाज वेगवेगळ्या पॅकेटांत, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांत, कॉम्प्युटरच्या साध्या इथरनेट नेटवर्कवरून धावू लागले. सेकंदाला 50 फ्रेमचं, कॉम्प्रेस न केलेलं फुल एचडी चित्र सेकंदाला 2 गिगाबिटच्या वर जागा खातं.

वेगळे निघालेले चित्र आणि आवाज पुन्हा जुळायचे कसे? वेळेवरून. प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का असतो आणि पीटीपी नावाची व्यवस्था सगळ्या उपकरणांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आत एकत्र ठेवते.

एकदा चाचणीच्या रात्री आवाजात टक-टक येऊ लागली. केबल बदलल्या, नेटवर्कचे स्विच तपासले, तीन तास गेले. शेवटी सापडलं : व्हिडिओची उपकरणं पीटीपीच्या 127 क्रमांकाच्या डोमेनमध्ये, म्हणजे एकाच वेळेवर चालणाऱ्या गटात होती, तर आवाजाचं एक यंत्र मूळ सेटिंगप्रमाणे 0 मध्येच राहिलं होतं. तिथे त्याला वेळ सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून ते आपल्याच घड्याळावर चाललं होतं. एक आकडा बदलला आणि आवाज स्वच्छ झाला. त्या रात्रीपासून काहीही बिघडलं की मी आधी वेळ बघतो, मग वायर.

माझा भाचा इंदूरच्या एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. तो विचारतो, "मामा, नेटवर्किंग शिकू की इलेक्ट्रॉनिक्स?" बाळा, मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना पोचवणं) आणि आयजीएमपी (तो कुणाला हवाय हे नेटवर्कला सांगायची पद्धत) पक्कं कर, पण चित्राचा उजेड आलेखात दाखवणाऱ्या वेव्हफॉर्म मॉनिटरवर चित्र वाचायलाही शीक. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हरवलेलं पॅकेट परत मागवता येतं. लाइव्ह कार्यक्रमात तेवढी सवड नसते, म्हणून तेच पॅकेट आम्ही दोन वेगळ्या वाटांनी पाठवतो. एका वाटेवर हरवलं तर दुसरीवरचं घ्यायचं. हे ज्याला चित्र आणि नेटवर्क दोन्हींच्या बाजूने समजतं, अशी माणसं इथे खरंच कमी आहेत. आपल्याकडची मुलं या कामात यावीत असं मला फार वाटतं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, "तुमच्या स्टुडिओला वेळ कोण सांगतं?"

"जीपीएसचे उपग्रह, बाबा. त्यांच्यात अणुघड्याळं असतात."

ते थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले. "आपलं दोन मिनिटं मागे पडलंय," म्हणाले. आता त्यांना स्टुलावर चढवत नाही. त्यांनी स्टूल धरलं, मी चढलो.