ओपीडीची गर्दी आणि एसटीचे वेळापत्रक

ग्रामीण रुग्णालयातील गर्दीचा विषय निघाला की बोलणे लगेच डॉक्टरांच्या रिक्त पदांवर येते, आणि ती तक्रार खोटी नाही. तरीही, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असल्यामुळे असेल, मला त्या गर्दीत आणखी एक गोष्ट दिसते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी रुग्ण दिवसभर थोडेथोडे येत नाहीत. ते एसटीने येतात. सकाळच्या दोन-तीन गाड्या लागल्या की केस पेपरच्या खिडकीपुढे झुंबड उडते आणि दुपारी तीच बाके रिकामी पडतात. आठवडी बाजाराच्या दिवशी तर विचारायलाच नको, कारण बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकला तर एका दिवसाची मजुरी वाचते.

रांगांचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांच्या १९०९ च्या निबंधापासून सुरू झाले आणि पुढे ऑपरेशन्स रिसर्च या, कामकाजाचे नियोजन गणिताने करणाऱ्या शाखेचा एक मोठा भाग बनले. त्यातील अगदी साधे प्रतिमान घ्या. एक डॉक्टर एका रुग्णाला सरासरी ३ मिनिटे देतो, रुग्ण केव्हाही येतात आणि कोणाला कमी, कोणाला जास्त वेळ लागतो. डॉक्टरांचा ८० टक्के वेळ तपासणीत जात असेल, तर रांगेत सरासरी १२ मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के जात असेल, तर २७ मिनिटे आणि ९५ टक्के जात असेल, तर ५७ मिनिटे. म्हणजे कामाचा बोजा थोडाच वाढतो, पण प्रतीक्षा अनेक पटींनी वाढते. ‘कर्मचारी क्षणभरही रिकामा बसता कामा नये’ हा आपल्या आढावा बैठकांमधील आवडता आग्रह म्हणूनच मला घातक वाटतो. शिवाय हा हिशेब रुग्ण सुटेसुटे येतात असे धरून केलेला आहे; गाडीभर रुग्ण एकदम उतरले की परिस्थिती याहून बिकट होते.

ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये बाह्यरुग्ण विभागाच्या रांगांचा अभ्यास केला. सुरुवातीला दोन रुग्णांना एकत्र बोलवावे आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने वेळ द्यावी, म्हणजे डॉक्टरही खोळंबत नाहीत आणि रुग्णही ताटकळत नाहीत, असा तोडगा त्यांनी सुचवला. आमच्याकडे मात्र सकाळी १०.४० ची वेळ देऊन उपयोग नाही, कारण गाडी रुग्णाच्या सोयीने सुटत नाही. येथे वेळ नव्हे, वार वाटून द्यावा लागेल. रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण पुन्हा केव्हा येणार हे आधीच ठाऊक असते. त्यांच्यासाठी एसटीच्या मार्गानुसार गावांचे वार ठरवले आणि आशा सेविकांमार्फत कळवले, तर बाजाराच्या दिवसावरील बराच भार हलतो. त्याहूनही सोपा उपाय म्हणजे प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला दहा दिवसांऐवजी तीस दिवसांच्या गोळ्या देणे. त्यामुळे त्याच्या फेऱ्या थेट एक तृतीयांशावर येतात.

रांग नेमकी कोठे अडते हेही पाहिले पाहिजे, आणि ती बहुतेक वेळा डॉक्टरांच्या दारात अडत नाही. औषधाच्या खिडकीत फार्मासिस्ट कात्रीने पट्टी कापतो, गोळ्या मोजतो, कागदाच्या पुडीत घालतो, सकाळ-संध्याकाळच्या खुणा करतो आणि मग ऐकू कमी येणाऱ्या आजीला तेच दोनदा समजावतो. मागून कोणीतरी म्हणतेच, ‘‘भाऊ, माही गाडी चालली जाईन ना!’’ समजावण्यात काटकसर करू नये. पण नेहमी लागणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या आदल्या दुपारी, त्या रिकाम्या तासांत, बांधून ठेवता येतात. ही खिडकी तशीच ठेवून आत आणखी एक डॉक्टर बसवला, तर रुग्ण तिच्यापर्यंत अधिक लवकर पोहोचतील आणि तिथेच अधिक वेळ उभे राहतील.

रुग्ण सारख्या प्रमाणात येत नाहीत, हे औषधसाठ्यालाही लागू पडते. वर्षाच्या सरासरीवर मागणी नोंदवली की ऐन गरजेला साठा अपुरा पडतो, कारण सर्पदंश पावसाळ्यात आणि फवारणीची विषबाधा कपाशीच्या हंगामात येते. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा यवतमाळ जिल्ह्याने हंगामाचा हा फटका फार मोठी किंमत देऊन पाहिला. विषारी सर्पदंशात प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात. सगळ्या कुप्या तालुक्याला एकत्र ठेवल्या तर एकूण साठा कमी लागतो, कारण सर्व गावांत एकाच रात्री साप चावत नाही. पण मग दूरच्या गावातील रुग्णाचा मोलाचा वेळ रस्त्यात जातो. माझ्या मते जून ते ऑक्टोबर या काळात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली मात्रा ठेवावी, पुढचा साठा ग्रामीण रुग्णालयात असावा आणि केंद्रातली मात्रा वापरली गेली की त्याच दिवशी नव्या कुप्या पोहोचवण्याची जबाबदारी एका माणसाकडे असावी. त्या माणसासाठी गाडी आणि डिझेल कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागेल.