14 नंबरच्या खोलीतल्या आजी

2022 साली केअर वर्करच्या व्हिसावर मी इंग्लंडला आले, तेव्हा घरून फोनवर एकच प्रश्न असायचा, "म्हातारी माणसं उचलून उचलून कंबर मोडत नाही का गं?" कंबरेचं मी निभावून नेलं. जड गेलं ते वेगळंच.

आमच्या केअर होममधल्या 14 नंबरच्या आजी तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये राहून परत आल्या. सोबतच्या कागदावर गोळ्यांची यादी होती, जेवणाचं पथ्य होतं. त्यांच्या तपासणीत सीपीई सापडलाय, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं. ते आम्हाला चार दिवसांनी फोनवर कळलं. सीपीई म्हणजे आतड्यात राहणारे नेहमीचेच जंतू, पण कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकनाही दाद न देणारे. ही औषधं डॉक्टर अगदी शेवटी काढायची म्हणून राखून ठेवतात.

मला भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून मी त्यांच्या खोलीत गेले, चहाचा कप दाराजवळच्या टेबलावर ठेवला आणि तशीच मागे फिरले. तो कप त्यांच्या हाताला येणार नव्हता, हे मला दिसत होतं. मागून आवाज आला, "माझं काही चुकलं का?" त्या इंग्रजीत म्हणाल्या, पण मला तो प्रश्न मराठीतच ऐकू आला. एका म्हाताऱ्या बाईला मी तिच्याच घरात वाळीत टाकलं होतं.

त्याच आठवड्यात इन्फेक्शन कंट्रोलच्या नर्सबाई आल्या. तासभर बसून त्यांनी जे समजावलं, त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. जंतू अंगात असणं वेगळं आणि त्याने आजारी पडणं वेगळं. आजींच्या आतड्यात तो गुपचूप बसलाय, त्यांना त्रास नाही, म्हणून औषधही नाही. त्यांनी सगळ्यांबरोबर जेवायला बसावं, बिंगो खेळावा, नातवंडांना जवळ घ्यावं. केअर होम म्हणजे हॉस्पिटलचा वॉर्ड नव्हे, ते त्यांचं राहतं घर आहे. आणि कुणाच्या पोटात काय आहे हे आपल्याला कधीच पुरतं ठाऊक नसतं, म्हणून काळजी सगळ्यांच्याच बाबतीत सारखी घ्यायची. त्या चार दिवसांत आम्ही रोजचे नियम पाळले असतील, तर घाबरण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"पाळले असतील तर" हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. हा जंतू मुख्यतः शौचावाटे बाहेर येतो आणि आमच्या हातांवरून पुढच्या माणसाकडे जातो. त्या दिवसापासून मी स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. पॅड बदलून झाल्यावर त्याच हातमोज्यांनी मी पडदा सरकवला. मग ड्रॉवर उघडला. बेलचं बटण आजींच्या हातात दिलं, तेही त्याच हातमोज्यांनी. आपले हात स्वच्छ राहिले या समाधानात मी अख्खी खोली बरबटवत होते! आता घाणीचं काम संपलं की हातमोजे तिथेच उतरतात, एप्रन उतरतो, साबणाने हात धुतले जातात आणि मगच पुढचं काम. हाताला चोळायच्या जेलवर सगळंच भागत नाही. जुलाब करणाऱ्या सी डिफ नावाच्या जंतूचे बीजाणू जेलला भीक घालत नाहीत, तिथे साबण-पाणीच लागतं.

नर्सबाईंच्या कागदावर एक शब्द होता, एनडीएम. कार्बापेनेम निकामी करणारं हे एक एन्झाइम, आणि त्यातली पहिली दोन अक्षरं नवी दिल्लीची (न्यू डेल्ही). दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णात ते 2008 साली स्वीडनमध्ये सापडलं, म्हणून हे नाव. नावावरून आपल्याकडे पुढे बराच गदारोळ झाला. इथल्या हॉस्पिटलमध्ये भरती होताना, गेल्या वर्षभरात परदेशातल्या हॉस्पिटलमध्ये राहिलात का, हे विचारतात. कारण हे जंतू देशांच्या सीमा मानत नाहीत. 2019 साली जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे.

आणि असे जंतू तयार व्हायला आपणच हातभार लावतो, नको तिथे अँटिबायोटिक देऊन. केअर होममध्ये याचं ठरलेलं ठिकाण म्हणजे लघवीची तपासणी. कुणी जरा गोंधळल्यासारखं बोललं, लघवीला वास आला, की लगेच पट्टी बुडवायची, पट्टीचा रंग बदलला की गोळ्या सुरू. पासष्टीच्या पुढे ही पट्टी वापरू नका, असं इंग्लंडमध्ये आता स्पष्ट सांगितलेलं आहे. कारण केअर होममधल्या जवळजवळ निम्म्या वृद्ध बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडू शकतात. बरेच दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर बहुतेक सापडतातच.

एका काकांची मुलगी यावरून माझ्यावर चिडली होती. "बाबा काल मला ओळखत नव्हते आणि तुम्ही साधी तपासणी करत नाही?" तिची तगमग मला कळत होती. ताप नव्हता, जळजळ नव्हती. आम्ही रोजच्या नोंदींची वही काढली. दोन दिवसांत काकांच्या पोटात जेमतेम चार कप पाणी गेलं होतं आणि पाच दिवस पोट साफ नव्हतं. जीपींशी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांशी, बोलून पोटाचं औषध दिलं, दर तासाला थोडं थोडं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला नावाने हाक मारली. काकांचं ते दुखणं खरंच जंतूचं असतं तर डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच असतं, आणि द्यायलाच हवं होतं.

14 नंबरच्या आजींना दिवसभरात सहा ते आठ ग्लास पाणी जायला हवं, आणि नुसतं पाणी त्यांना आवडत नाही. म्हणून चार वाजता मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसते. कप त्यांच्या हातात देते, त्यांच्या बोटांवर माझी उघडी बोटं ठेवून, कारण कप थरथरतो. चहा संपला की उठून हात धुते आणि वहीत लिहिते, 200 मिली.